अण्णांची फियाट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक समितीने मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी म्हटलं, नको. आपल्यापैकी निम्म्यांची मुलं आता माझ्याच क्षेत्रात आहेत आणि तीच मला शिकवतील अशी परिस्थिती आहे. मला माझ्या गाडीवर बोलू द्या. समितीतला आपला मित्र जरा गप्प झाला, मग म्हणाला, ‘वीस मिनिटं. आणि जेवण एक वाजता आहे.’

बाहेर लिंबाखाली जी पांढरी फियाट उभी आहे ती माझी. सकाळपासून चौघांनी विचारलं, ‘केवढ्याला घेतलीस?’ घेतलेली नाही. ती खर्ड्याचीच आहे. तुमच्यातले बरेच जण तिच्यात बसलेले आहेत आणि तरी तुम्ही तिला ओळखलं नाही. याला कारण मी आहे, आणि आज तेच सांगायला उभी राहिले आहे.

बाजारतळाजवळचं आमचं आडत दुकान जुन्या मंडळींना आठवेल. १९९० साली वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नगरहून एक जुनी प्रीमियर पद्मिनी आणली. १९८४ चं मॉडेल. कागदावर पद्मिनी, पण गावात तिला कोणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही. फियाटच. केवढ्याला आणली हे अण्णांनी आईला शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. आणली होती दुकानाच्या वसुलीसाठी, झाली मात्र गावाची. तेव्हा शेवटची एसटी गेली की खर्डा सकाळपर्यंत बंद. रात्री आमच्या दाराची कडी वाजायची. बाळंतपण, सापाचा दंश, छातीतली कळ. अण्णा अंगावर सदरा चढवत बाहेर पडायचे. जामखेडला आरोळे डॉक्टरांच्या दवाखान्यात, नाहीतर भूमला, फारच बिकट असलं तर थेट बार्शी. पैसे घेत नव्हते असं मी म्हणणार नाही. पेट्रोलचे घ्यायचे. कोणाकडे नसले तर उधारीच्या वहीत लिहायचे, आणि ती उधारी मागायला मात्र कधी गेले नाहीत.

गाडी तेव्हा आकाशी रंगाची होती. आता काहींच्या चेहऱ्यावर उजेड पडताना दिसतोय.

२००६ मध्ये अण्णांनी गाडी चालवणं सोडलं. डोळ्यांनी दगा दिला. ती शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि तिच्यावर आधी ताडपत्री, मग कडब्याच्या पेंढ्या, मग कोंबड्या अशी चढती भाजणी झाली. २०१५ मध्ये अण्णा गेले. २०१९ मध्ये शेड पाडायची वेळ आली तेव्हा भंगारवाला आणि मी एकाच दिवशी तिथे पोचलो. त्याने किलोवर भाव सांगितला. मी पुण्याहून टेम्पो मागवला.

जुन्या छोट्या गाड्या उघडून, बदलून, पुन्हा बांधून रस्त्यावर आणायचा हा छंद जगभर आहे. इटलीत कार्लो अबार्थ नावाच्या माणसाने फियाटच्या अगदी गरीब, सहाशे सीसीच्या गाड्या घेऊन त्यांच्यातून शर्यतीच्या गाड्या काढल्या. इंग्लंडमध्ये मिनी निघाली १९५९ ला, ८४८ सीसीची, घरगुती गाडी. जॉन कूपरने तिचं इंजिन सुधारलं आणि १९६४ मध्ये तिनेच मॉन्टे कार्लोची रॅली मारली. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर लोक याच फियाटी सुधारून पळवायचे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी तर स्वतःच ‘मीरा’ नावाची छोटी गाडी बनवली, एकामागून एक नमुने काढून सुधारत नेली. गाडी रस्त्यावर चालली, पण कारखाना काही उभा राहू शकला नाही. आणि लांब कशाला, आपल्या जिल्ह्याच्या गावी लुना तयार होत होती. त्या लुनेच्या मागे काय काय बांधून खर्ड्याच्या बाजाराला आणलेलं आपण पाहिलंय, तेही एक प्रकारचं सुधारकामच.

पद्मिनी या छंदाला फार सोयीची गाडी आहे, आणि त्याचं कारण तिच्या इतिहासात आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळवल्या, मग फियाट. पुढे १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. मूळ इटलीतली ही गाडी तिकडे चारेक वर्षांत बंद झाली, आपल्याकडे मात्र तीच, आधी प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने, २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिली. जाळी बदलली, दिवे बदलले, आतला सांगाडा तोच. तेव्हा परवाना होता, स्पर्धा नव्हती, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायला लागायचा; बदलायचं कशाला? ग्राहक म्हणून ते वाईटच होतं. पण आज मला १९७० च्या गाडीचा भाग १९८४ च्या गाडीला बसतो तो त्या आळसामुळे. त्यात मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या. त्यांच्यामुळे सुट्या भागांचा बाजार जिवंत राहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला उतरली. त्याच्या आधीची दोन वर्षं मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगाराच्या गाळ्यांतून फिरत होते. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव विकत घ्यायचे.

आता माझा मूळ बेत ऐका. मला गाडी बदलायची होती. पूर्ण. बाहेरून फियाट, आतून आजची. जिप्सीचं तेराशे सीसीचं इंजिन, पाच गिअर, स्टिअरिंगला चिकटलेला दांडा काढून खाली जमिनीवर गिअर, पुढे डिस्क ब्रेक, डॅशबोर्डवर मी स्वतः प्रोग्राम लिहिलेला स्क्रीन. स्क्रीन तर मी आधीच तयार करून ठेवला होता. आईने पाहिला आणि विचारलं, ‘अगं, गाडी चालवायचीय का टीव्ही बघायचाय?’

यातल्या बऱ्याच गोष्टींना आरटीओत जाऊन आल्यावर कात्री लागली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला निकाल दिला. कंपनीने जी मूळ मापं आणि रचना ठरवून दिली, तिच्याशी विसंगत फेरफार करता येत नाही. इंजिन बदलायचं तर परवानगी आणि नोंद. रंग बदलला तर नोंद. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, पण तीही मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच, आणि आमची बाई पन्नाशीची व्हायला २०३४ उजाडेल. तोवर दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर. त्या वेळी मला या कायद्याचा रागच आला होता. आज येत नाही.

काम सुरू झालं ते पत्र्यापासून. ट्रक किंवा जीपला खाली चॅसी असते, वरची बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. फियाटला चॅसी नाही. फरशी, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब, छप्पर, सगळं मिळून एकच पेटी, आणि भार त्या पेटीवर. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे मुंबईच्या गाडीपेक्षा आमचा पत्रा चांगला निघेल असा माझा अंदाज होता. छप्पर, बॉनेट, दारं खरंच चांगली निघाली. फरशी मात्र चाळणी. का, ते आईने सांगितलं. उन्हाळ्यात अण्णा पायाखाली ओलं गोणपाट अंथरायचे, गारवा राहावा म्हणून. वर रबरी मॅट. सोळा उन्हाळे ओलं गोणपाट!

फरशी आणि दोन्ही पट्ट्या कापायच्या ठरल्या. इथे पहिली चूक माझी. सुट्टी संपत आली होती म्हणून मी म्हटलं, दोन्ही बाजू एकदमच कापून घेऊ. आतून आडवे-तिरपे पाइप मारून पेटी आधी जखडायला हवी होती, ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी दारं लागेनात. मधला भाग बोटाच्या पेराएवढा बसला होता. ती पेटी जॅक लावून, दोऱ्या ताणून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजत पुन्हा चौरस करायला तीन महिने गेले, तेही शनिवार-रविवार धरून. समांतरभुज चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे आले की तो आयत, हे आपल्याला आठवीत फळ्यावर शिकवलं होतं. सर, मी तेव्हा खिडकीतून किल्ल्याकडे बघत होते, पण थोडं डोक्यात गेलं होतं.

दुसरी चूक मोठी.

पत्र्याचं काम झाल्यावर रंगासाठी गाडी एका वर्कशॉपला दिली. माझा निरोप लेखी होता, आजही माझ्या फोनमध्ये आहे. ‘सगळा जुना रंग काढा. आतून-बाहेरून पत्रा उघडा करा. एकही जुना थर नको.’ डिकीचं कुलूप गंजून बसलं होतं, किल्ली सापडत नव्हती, म्हणून डिकी मी उघडलीच नव्हती. त्यांना म्हटलं, तोडा.

काम चोख झालं. चंदेरी पत्रा पाहून मी खूश. आईला फोटो पाठवले. तिचा फोन आला. म्हणाली, ‘डिकीच्या झाकणाचा फोटो नाही आला. आतल्या बाजूचा. अण्णांचं लिहिलेलं होतं ना.’

तिथे मला आठवलं. म्हणजे मला ते माहीत होतं, आणि मी विसरले होते. गाडीचा पेट्रोलचा काटा आणली तेव्हापासून बंद होता. काटा दुरुस्त करायचा सोडून अण्णा पेट्रोल भरलं की किलोमीटरचा आकडा डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचे. पोत्यांवर खुणा टाकायचा काळा रंग आणि बारीक कुंचला, दोन्ही डिकीतच असायचं. मग हळूहळू आकड्याबरोबर तारीख आली, मग गाव. रात्रीची खेप असेल तर पुढे एक ठिपका. झाकण भरलं तेव्हा आतल्या बाजूच्या पत्र्यावर सुरू केलं. सोळा वर्षं. कोणाला घेऊन गेलो हे कधी लिहिलं नाही. आई म्हणते, ‘ते लिहायचं नसतं.’

वर्कशॉपला मी काय बोलणार? त्यांनी सांगितलं तेच केलं. बावीस-तेवीस वर्षं मी संगणकात जुन्या प्रणालींवर काम करते आहे. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते, ज्या ओळीचा अर्थ कळत नाही ती पुसायची नाही, आणि नोंदींची प्रत काढल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. ऑफिसात एक ओळ चुकून पुसली तर मागची प्रत असते, पाच मिनिटांत परत येते. वाळूच्या माऱ्याने उडालेला रंग परत येत नाही. मी महिनाभर गाडीकडे फिरकले नाही.

मग जामखेडच्या आमच्या जुन्या मेस्त्रींना फोन केला. सत्तरी ओलांडलेली, पण या गाडीचं इंजिन त्यांनीच दोनदा खोललेलं. ते हसले. म्हणाले, ‘पोरी, तुझ्या बापानं तरी पहिला रंग कुठं ठेवला व्हता? गाडी आली तवा पांढरी व्हती. निळी आपल्या इथंच मारली.’ नोंदणीच्या पुस्तकात पाहिलं, खरंच, रंग पांढरा. अण्णांनी निळी केली आणि आरटीओला कळवलंच नाही. म्हणजे सरकारच्या लेखी ती कायम पांढरी, गावाच्या लेखी कायम आकाशी. मूळ कोणती? मी पुस्तकाप्रमाणे पांढरी केली, कारण पासिंग जवळ आलं होतं आणि तेव्हा मला निळ्या रंगाकडे बघवत नव्हतं. आज तुम्ही कोणी ओळखली नाहीत तेव्हा वाटलं, चुकलंच. पुढच्या खेपेला अर्ज करून रीतसर आकाशी करून घेईन.

त्यानंतर गाडीत काय बदलायचं आणि काय नाही, हे मी एकेक वस्तू हातात घेऊन ठरवायला लागले. आधी घाऊक ठरवत होते. जिप्सीचं इंजिन राहिलं बाजूला. जुनं इंजिन खोललं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गाडी तापली की हेड वाकतं. आमचं वाकलेलंच होतं. अण्णा कॅन भरून पाणी घेऊन का फिरायचे ते कळलं. हेड सपाट करून घेतलं. बोअर आधी दोनदा मोठं केलेलं होतं, आता तिसऱ्यांदा मोठं करायला भिंतीत जीव नव्हता, म्हणून स्लीव्ह ठोकून पुन्हा ६८ वर आणलं. ते लेथचं काम मेस्त्रींच्या ओळखीच्या माणसाने केलं आणि मी शेजारी मोढ्यावर बसून पाहिलं. मायक्रोमीटर मीही वापरते, पण तो माणूस बोट फिरवून सांगायचा, ‘इथं जरा पोट आहे,’ आणि मायक्रोमीटर नंतर तेच म्हणायचा.

काय बदललं ते सांगते. पुढे दोन पट्टे बसवले, सीटबेल्टचे, कारण या गाडीत ते नव्हतेच आणि ज्या पत्र्याला ते बांधायचे तिथे आतून जाड पट्टी वेल्ड करावी लागते, नाहीतर धक्क्यात पट्टा पत्र्यासकट निघून येतो. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, कारण डायनामो हळू वेगात बॅटरी भरत नाही आणि जामखेडच्या चौकात आता गाड्यांची रांग असते. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून आत छोटं इलेक्ट्रॉनिक उपकरण, बाहेरून दिसत नाही. सगळं वायरिंग नवं, प्रत्येक दिव्याला रिले. ब्रेक चारी चाकांना ड्रमचेच ठेवले, पण आतले सगळे सिलिंडर आणि लायनर नवे. कोणी म्हणेल हे धाडस आहे, तर ही गाडी मी सत्तरच्या वर नेत नाही.

आणि पेट्रोल. हा भाग खास आपल्या जिल्ह्याचा आहे. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते २००० मध्ये देशभर बंद झालं, चांगलंच झालं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरेला झाली, आपल्या जिल्ह्यात. आज आपल्याच उसाच्या मळीचं इथेनॉल माझ्या टाकीत येतं आणि जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खातं. ऊसवाल्या घरातल्या मैत्रिणींनो, रागावू नका, पैसे तुम्हाला मिळतात आणि नळ्या मी बदलते. सगळं रबर इथेनॉल सोसणारं टाकलं. सोलेक्स कार्बोरेटरचा जेट किंचित मोठा केला, कारण इथेनॉल जळायला हवा कमी लागते. जुन्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची नाही, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

काही गोष्टी तशाच ठेवल्या. वायपरचं बटण गेलं होतं, तिथे अण्णांनी घराच्या बेलचं बटण बसवलं होतं. ते काढून मूळ कंपनीचं बटण मी कुर्ल्याहून मिळवलं, चकाचक, डबीसकट. बसवलं. दोन दिवसांनी काढलं आणि बेलचं बटण परत लावलं. दाबून धरलं तरच वायपर चालतो. स्क्रीन आता घरी कपाटात आहे. पेट्रोलचा काटा चालू केला, यावर आमच्यात मतभेद आहेत. आईचं म्हणणं, काटा बंद होता म्हणून तर ते लिहायचे.

आता मुद्द्याकडे येते, जेवणाला बारा मिनिटं आहेत.

वर्कशॉपमधल्या एका पोराने रंग काढण्याआधी गंज किती आहे हे दाखवायला डिकीच्या झाकणाच्या एका कोपऱ्याचा फोटो काढला होता. बिजागरीचा फोटो, त्यात मागे अक्षरं. फोनमध्ये राहून गेला होता, त्याने शोधून पाठवला. फोटोत सात ओळी आहेत. त्यातल्या पाच वाचता येतात. वाचून दाखवते.

१८-६-९३, जामखेड. पुढे ठिपका.
२-१०-९३, किल्लारी.
९-१०-९३, किल्लारी.
२७-१०-९३, भूम.
पाचवीची तारीख गंजाखाली आहे, महिना अकरा. बार्शी. ठिपका.

किल्लारीचं तुम्हाला सांगायला नको. गणपती विसर्जनाची रात्र, ३० सप्टेंबरची पहाट, चारच्या सुमारास आपण सगळे अंगणात आलो होतो. आपण तेव्हा आठवीत होतो. शाळेत प्रत्येकाने घरून भाकरी आणायच्या ठरलं, व्हरांड्यात चादरी अंथरून त्या रचल्या आणि मोजल्या. त्या भाकरींचा काही भाग आमच्या डिकीतून गेला. अण्णांबरोबर दोन्ही खेपांना गावातले तिघं-तिघं होते. त्यातले कोणाचे वडील, कोणाचे काका इथे असतील. आईला दोघांची नावं आठवतात, बाकीची नाहीत. अण्णा तिथून आल्यावर चार दिवस दुकानात बसले नाहीत, एवढं मला आठवतं. काय पाहिलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

१८ जूनच्या रात्री जामखेडला कोण गेलं, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. बाळंतपण असेल तर ते मूल आता तिशी ओलांडून गेलं असेल. आणि हे फक्त एका कोपऱ्यातलं. अशा किती ओळी मी साफ केल्या त्याचा हिशोब माझ्याकडे नाही, पण तो तुमच्याकडे असू शकतो. कोणी म्हणेल, लोकांच्या आठवणीतून लिहिलेलं ते अण्णांचं लिहिलेलं नव्हे. बरोबर आहे. नव्हेच. अक्षर त्यांचं नसणार, तारखा चुकणार, आणि दोन घरं एकाच रात्रीवर हक्क सांगणार. मी त्याला मूळ म्हणून खपवणार नाही. पण झाकण कोरं ठेवायचं का, या प्रश्नावर मी, आई आणि मेस्त्री तिघांचं एकमत झालं, आणि आमच्या तिघांचं एकमत फार क्वचित होतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला मी चकाकणारा रंग मारलेला नाही. नुसता प्रायमर ठेवला तर तो ओल धरतो आणि खालून गंजतो, म्हणून त्यावर बिनचकाकीचा पांढरा रंग आहे. त्यावर लिहिता येतं. वरच्या कोपऱ्यात फोटोतल्या पाच ओळी मी फोटोत आहेत तशाच उतरवल्या आहेत, गंजलेल्या तारखेसाठी जागा सोडून. खाली सगळं मोकळं आहे. आडत दुकानातल्यासारखा काळा रंग आणि दोन कुंचले डिकीत ठेवले आहेत. जेवण झाल्यावर, किंवा आधी, हात धुऊन, ज्यांना एखादी खेप आठवते त्यांनी लिहावं. तारीख आठवत नसेल तर साल, सालही नसेल तर पावसाळा होता की उन्हाळा तेवढं. रात्रीची असेल तर ठिपका. नाव लिहू नका, अण्णांनी लिहिलं नव्हतं.

आणि ज्यांना नुसती बसून चक्कर मारायची असेल त्यांच्यासाठी: तीन वाजता किल्ल्यापर्यंत जाऊन येऊ, एका वेळी चौघं. मागचं डावं दार बाहेरून उघडत नाही, आतून हात घालून उघडावं लागतं. ते मी आठवण म्हणून तसं ठेवलेलं नाही. मला अजून जमलेलं नाही.